एका बाणाचा एकच अर्थ: यकृतातल्या ग्लुकोज-मार्गाचा एसबीजीएन नकाशा कसा काढावा

"मॅडम, इथे एटीपी खर्च होतोय की अडवतोय?"

एमएस्सीच्या वर्गात फळ्यावर ग्लायकोलिसिसची, म्हणजे ग्लुकोज मोडण्याच्या साखळीची, तिसरी पायरी काढली होती आणि मागच्या बाकावरून हा प्रश्न आला. प्रश्न अगदी रास्त होता. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१ (पीएफके-१) हे विकर, म्हणजे एन्झाइम, फ्रुक्टोज-६-फॉस्फेटवर आणखी एक फॉस्फेट चढवते, तेव्हा तो फॉस्फेट एटीपी या पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून येतो. आणि पेशीत एटीपी मुबलक झाला की तोच एटीपी त्याच विकराच्या दुसऱ्या जागेवर बसून त्याचा वेग कमी करतो. मी मात्र एटीपीकडून एकच बाण काढला होता.

फळा पुसण्याआधी आम्ही बाकीचे बाणही तपासले. ग्लुकोजकडून ग्लुकोज-६-फॉस्फेटकडे जाणारा बाण म्हणजे 'याचे ते होते'. ग्लुकागॉन या उपाशीपोटी वाढणाऱ्या संप्रेरकाकडून सीएएमपी या पेशीतल्या निरोप्या रेणूकडे जाणारा बाण म्हणजे 'याच्यामुळे ते वाढते', कारण ग्लुकागॉनचे काही सीएएमपी होत नाही. पीकेए या विकराकडून पीएफके-२ या दुसऱ्या विकराकडे जाणारा बाण म्हणजे 'हे त्याला फॉस्फेट लावते', आणि त्याचा परिणाम तर काम थांबण्यात होतो. खूण एक, अर्थ तीन. कुठे कोणता घ्यायचा हे ज्याला विषय आधीच येतो त्यालाच कळणार, आणि चित्र तर आपण न येणाऱ्यासाठी काढतो.

यावर जीवशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञांनी मिळून एक चिन्हपद्धती तयार केली आहे: सिस्टिम्स बायोलॉजी ग्राफिकल नोटेशन, थोडक्यात एसबीजीएन. जपानचे हिरोआकी कितानो यांनी पुढाकार घेतल्यावर तिचे काम सुरू झाले, २००८ च्या ऑगस्टमध्ये पहिला नियमग्रंथ निघाला आणि २००९ मध्ये निकोला ल नोव्हेर आणि सहकाऱ्यांनी ती 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'मध्ये मांडली. नियमग्रंथ सर्वांना मोफत उपलब्ध आहे. पण तो आधी वाचून मग चित्राला बसलात तर कंटाळा येईल. त्यापेक्षा एक खरा नकाशा काढायला घ्या आणि अडेल तिथे तो उघडा. इथे मी यकृताच्या पेशीत ग्लुकोज शिरल्यापासून फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट होईपर्यंतचा भाग घेते. तुकडा छोटा आहे, पण पद्धतीतली जवळपास सगळी चिन्हे त्यात लागतात.

तीन भाषांपैकी कोणती

एसबीजीएन ही एक भाषा नाही, तीन आहेत, आणि एका चित्रात त्या मिसळता येत नाहीत.

प्रोसेस डिस्क्रिप्शन ही सर्वांत तपशिलाची. कोणता पदार्थ कशाचा झाला, कोणी केला, कुठे केला, हे सगळे तिच्यात येते. अभिक्रियांची साखळी दाखवायची तर हीच घ्या. आपला नकाशा तिच्यातच काढायचा आहे.

अ‍ॅक्टिव्हिटी फ्लो फक्त प्रभाव दाखवते: अमुक वाढले की तमुक कमी होते. रेणूंचे काय झाले याच्याशी तिला देणेघेणे नाही. तिच्याकडे शेवटी येऊ.

तिसरी एन्टिटी रिलेशनशिप. तिची मुळे कर्ट कोन यांनी १९९९ मध्ये काढलेल्या परस्परक्रियांच्या नकाशांत आहेत. एका प्रथिनावर फॉस्फेट बसण्याच्या दहा स्वतंत्र जागा असतील तर प्रोसेस डिस्क्रिप्शनमध्ये त्याची १०२४ रूपे होऊ शकतात. या भाषेत दहा नियमांत काम भागते. चयापचयासाठी तिची गरज क्वचितच पडते, म्हणून तिला इथेच सोडते.

आधी कागद

सॉफ्टवेअर उघडू नका. वहीचे पान आडवे धरा आणि पाच रकाने आखा: काय खर्च झाले, काय तयार झाले, कोणी केले, कोण कमी-जास्त करते, कुठे घडते. आपल्या तुकड्याच्या ओळी साधारण अशा भरतील.

पहिली ओळ: रक्तातला ग्लुकोज पेशीद्रवात येतो, ग्लूट-२ या वाहक प्रथिनातून, दोन्ही दिशांना. दुसरी: ग्लुकोज आणि एटीपी खर्च, ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि एडीपी तयार, विकर ग्लुकोकायनेज, जागा पेशीद्रव. तिसरी: ग्लुकोज-६-फॉस्फेटचे फ्रुक्टोज-६-फॉस्फेट, विकर फॉस्फोग्लुकोज आयसोमरेज, उलटही होते. चौथी: फ्रुक्टोज-६-फॉस्फेट आणि एटीपीपासून फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट आणि एडीपी, विकर पीएफके-१, एटीपी आणि सायट्रेट वेग कमी करतात, एएमपी आणि फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट वाढवतात. पाचवी ही चौथीला उलट नेणारी, पण विकर वेगळे, फ्रुक्टोज बिसफॉस्फेटेज-१: फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट आणि पाणी खर्च, फ्रुक्टोज-६-फॉस्फेट आणि सुटा फॉस्फेट तयार.

ही वही भरताना निम्मे काम होते, कारण रिकामा राहिलेला रकाना लगेच डोळ्यात भरतो. "कोणी केले" हा रकाना रिकामा असेल तर विकर तुम्हाला ठाऊक नाही किंवा पाठ्यपुस्तकाने दिलेले नाही, हे चित्र काढण्याआधीच कळते. पाचव्या ओळीत 'पाणी' लिहावे लागते तेव्हा आणखी एक गोष्ट उमगते: ही चौथीची उलटी अभिक्रिया नाही, कारण इथे एटीपी परत मिळत नाही. म्हणून चौथीवर दोन्हीकडे टोक असलेला बाण काढणे चूक आहे. ग्लुकोकायनेजचेही तसेच. यकृत रक्तात ग्लुकोज सोडते खरे, पण ते काम ग्लुकोज-६-फॉस्फेटेज करते, आणि तेही आंतरद्रव्यजालिकेत (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये).

आकार

आता सॉफ्टवेअर. सुरुवातीला न्यूट हा संपादक घ्या. तो ब्राउझरमध्येच चालतो, काही बसवावे लागत नाही, आणि एसबीजीएनची चिन्हे त्याच्या पॅलेटमध्ये तयार असतात. पुढे त्याच नकाशाचे गणिती मॉडेल करायचे असेल तर सेलडिझायनर उपयोगी पडतो. मोठे नकाशे काढणारे व्हँटेडसोबत एसबीजीएन-ईडी हे जोडसाधन वापरतात. न्यूट आणि एसबीजीएन-ईडीमध्ये चिन्हे तीच; सेलडिझायनरची स्वतःची चिन्हे थोडी वेगळी असतात.

नवा नकाशा उघडून भाषा प्रोसेस डिस्क्रिप्शन निवडा आणि घटक मांडायला लागा. ग्लुकोज, एटीपी, सायट्रेट यांसारख्या लहान रेणूंना गोल किंवा दोन्ही टोके गोलाकार असलेली पट्टी. प्रथिनाला गोल कोपऱ्यांचा आयत. जनुकाला किंवा आरएनएच्या तुकड्याला असा आयत, ज्याचे फक्त खालचे दोन कोपरे गोल. प्रथिनांच्या जोडणीला कोपरे छाटलेली चौकट, आणि तिच्या पोटात घटक प्रथिने. एकाच प्रथिनाचे अनेक नग एकत्र असतील तर आयतामागे आयत. पीएफके-१ चार सारख्या साखळ्यांचे असते, म्हणून त्याच्या कडेला 'एन:४' असा छोटा चौकोनी बिल्ला लावा. ज्याचे स्वरूपच ठाऊक नाही त्याला लंबवर्तुळ.

यातला प्रत्येक आकार म्हणजे एक रेणू नव्हे. तो त्या जागी, त्या स्थितीत असलेल्या अशा सगळ्या रेणूंचा साठा आहे. ही गोष्ट एकदा पक्की झाली की पुढचे बरेच नियम आपोआप सुचतात. रक्तातला ग्लुकोज आणि पेशीतला ग्लुकोज हे दोन साठे, म्हणून दोन चिन्हे. फॉस्फेट लागलेले प्रथिन आणि न लागलेले प्रथिन हेही दोन साठे, म्हणून तिथेही दोन चिन्हे.

जागा दाखवायला जाड रेघेची बंद चौकट काढतात. आपल्याला तीन लागतील: पेशीबाहेर, पेशीद्रव, केंद्रक. ग्लूट-२ पटलात असते म्हणून ते रेघेवर बसवण्याचा मोह होतो. बसवा, दिसायला छान दिसते. पण फाइलमध्ये प्रत्येक घटकाची जागा वेगळी नोंदलेली असते. ती तपासून ठरवा, नाहीतर संगणक तुमच्या चित्रातून भलतेच वाचेल.

पहिली अभिक्रिया, सावकाश

ग्लुकोकायनेजची अभिक्रिया काढू. नवखा माणूस ग्लुकोजपासून ग्लुकोज-६-फॉस्फेटपर्यंत सरळ बाण ओढतो. इथे तसे चालत नाही. दोन पदार्थांच्या मध्ये एक लहान चौकोन ठेवा. हा चौकोन म्हणजे 'घडणे', आणि प्रोसेस डिस्क्रिप्शनचा सगळा भार त्याच्यावर आहे.

चौकोनाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना छोटे दांडे असतात. एका दांड्यावर खर्च होणारे सगळे येतात: ग्लुकोजकडून एक साधी रेघ, एटीपीकडून दुसरी, दोन्ही बिनटोकाच्या. दुसऱ्या दांड्यातून तयार होणारे सगळे निघतात: ग्लुकोज-६-फॉस्फेटकडे एक, एडीपीकडे एक, दोन्हींना भरीव त्रिकोणी टोक. उरलेल्या दोन बाजू नियंत्रकांच्या. तिथे ग्लुकोकायनेजकडून रेघ आणा आणि चौकोनाला टेकते त्या टोकाशी छोटा पोकळ गोल ठेवा. हा गोल म्हणजे उत्प्रेरण.

फॉस्फोग्लुकोज आयसोमरेजची अभिक्रिया उलटसुलट होते. तिथे दोन्ही दांड्यांना भरीव टोकाचे बाण द्या. बिनटोकाची रेघ एकही राहणार नाही. ग्लूट-२ चेही असेच: बाहेरचा ग्लुकोज, चौकोन, आतला ग्लुकोज, दोन्हीकडे टोके. वाहकाकडून मी उत्प्रेरणाचाच गोल आणते, कारण तो स्वतः खर्च होत नाही आणि ओलांडण्याचा वेग वाढवतो.

भातखंडे पद्धतीत स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल आणि खाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक. रेघेच्या जागी टिंब दिले तर दुसराच स्वर गायला जाईल. इथल्या टोकांकडेही त्याच काटेकोरपणाने पाहा:

- टोक नसलेली रेघ: खर्च
- भरीव त्रिकोण: निर्मिती
- पोकळ गोल: उत्प्रेरण
- पोकळ त्रिकोण: चालना, वेग वाढतो
- पोकळ त्रिकोण आणि त्याआधी आडवी दांडी: आवश्यक चालना, हिच्याशिवाय घडतच नाही
- नुसती आडवी दांडी: अटकाव
- पोकळ शंकरपाळ्याचा आकार: परिणाम होतो, पण वाढतो की घटतो हे निश्चित नाही किंवा परिस्थितीनुसार बदलते

दांडी कुठे टेकवायची

आता पीएफके-१, आणि वर्गातला तो प्रश्न.

चौथ्या ओळीची अभिक्रिया वरच्याप्रमाणेच काढा: फ्रुक्टोज-६-फॉस्फेट आणि एटीपी आत, फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट आणि एडीपी बाहेर, पीएफके-१ कडून गोल. मग सायट्रेटकडून अटकावाची रेघ आणायची आहे. ती कुठे टेकवाल?

जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी ती पीएफके-१ च्या आयतावर टेकवतो, कारण पुस्तकात तसेच असते आणि सायट्रेट बसतो तोही विकरावरच. पण या भाषेत नियंत्रणाची रेघ नेहमी घडण्याकडे जाते, वस्तूकडे नाही. आयत हा साठा आहे आणि साठ्याला अटकाव करता येत नाही; अभिक्रियेला करता येतो. म्हणून सायट्रेटची दांडी चौकोनाला टेकेल. एएमपी आणि फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट यांचे पोकळ त्रिकोणही तिथेच.

आणि एटीपी? एटीपीकडून दोन रेघा निघतील. एक बिनटोकाची, दांड्यावर जाणारी: तो खर्च होतो. दुसरी आडव्या दांडीची, चौकोनाच्या बाजूला टेकणारी: तो अडवतो. दोन वेगळी विधाने, दोन वेगळ्या रेघा, आणि आता मागच्या बाकावरून विचारायची गरज उरत नाही.

सायट्रेट विकरावर कुठे आणि कसा बसतो हेच तुमच्या लेखाचे सांगणे असेल तर एक पायरी खाली उतरा. सायट्रेट आणि पीएफके-१ यांची जोडणी दाखवा, तयार झालेली छाटल्या कोपऱ्यांची चौकट दाखवा, आणि उत्प्रेरणाचा गोल फक्त मोकळ्या पीएफके-१ कडून आणा. मग अटकावाची दांडी लागतच नाही. मोकळे विकर कमी झाले हे चित्रातूनच दिसते. दोन्ही रीती बरोबर आहेत. पण एकाच अटकावासाठी दोन्ही वापरू नका, नाहीतर वाचकाला एक परिणाम दोनदा मोजावा लागेल.

एक प्रथिन, दोन कामे

हा या नकाशातला मला सर्वांत आवडणारा भाग, आणि चिन्हपद्धतीचे बळ इथेच दिसते.

फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट १९८० मध्ये बेल्जियममधल्या लुव्हाँ विद्यापीठात एमिल व्हान शाफ्टिंगेन आणि आंरी-जेरी एर्स यांच्या गटाने शोधले. नाव फ्रुक्टोज-१,६ सारखे असले तरी ते ग्लायकोलिसिसच्या साखळीतला दुवा नाही; ते निव्वळ निरोप आहे. ते वाढले की पीएफके-१ चा वेग वाढतो आणि उलट नेणारे फ्रुक्टोज बिसफॉस्फेटेज-१ मंदावते. ते तयार करणारे आणि मोडणारे प्रथिन एकच, वर आलेले पीएफके-२. एका टोकाला कायनेज (फॉस्फेट लावणारे), दुसऱ्या टोकाला फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारे). यकृतात या प्रथिनावरच्या सेरीन या एका अमिनो आम्लावर फॉस्फेट नसेल तर कायनेज चालते, असेल तर फॉस्फेटेज. सर्वसाधारण आकृतीत हे दाखवायला शेजारी चार ओळींचा मजकूर लागतो.

प्रोसेस डिस्क्रिप्शनमध्ये असे करा. एकाच नावाचे दोन आयत काढा. दोघांच्या कडेला लंबगोल बिल्ला लावा. हा स्थितीचा बिल्ला. एकात फॉस्फेटसाठी 'पी' आणि पुढे अवशेषाचे, म्हणजे साखळीतल्या त्या अमिनो आम्लाचे, नाव, पाठ्यपुस्तकांत येते तसे सेरीन-३२. दुसऱ्यावर तोच बिल्ला फॉस्फेटविना. बिल्लाच काढून टाकला तर वाचक म्हणेल की या रूपाबद्दल काही सांगितलेलेच नाही. रिकामा बिल्ला सांगतो की इथे फॉस्फेट नाही. अवशेषाचा क्रमांक कोणत्या साखळीवरून मोजला तेही टिपून ठेवा, कारण साखळीच्या सुरुवातीचा मेथिओनिन मोजला की आकडा एकाने सरकतो.

आता दोन आयतांमध्ये दोन चौकोन. पहिल्यात साधे रूप आणि एटीपी खर्च, फॉस्फेट लागलेले रूप आणि एडीपी तयार, उत्प्रेरणाचा गोल पीकेएकडून. दुसऱ्यात उलटा प्रवास, पाणी आत आणि सुटा फॉस्फेट बाहेर, गोल पीपी२ए या फॉस्फेटेजकडून. दुसरा चौकोन विसरू नका. तो नसेल तर तुमच्या नकाशातली पेशी एकदा उपाशी राहिली की कायमची उपाशी राहील.

मग साध्या रूपाकडून एक गोल, फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट तयार करणाऱ्या चौकोनाकडे. फॉस्फेट लागलेल्या रूपाकडून दुसरा गोल, ते मोडणाऱ्या चौकोनाकडे. बस्स. चार ओळींचा मजकूर दोन गोलांत आला.

माहीत आहे पण दाखवत नाही, आणि माहीतच नाही

पीकेएला कोण जागे करते? ग्लुकागॉन पेशीबाहेर त्याच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतो, जी-प्रथिन हलते, अ‍ॅडेनिलेट सायक्लेज हे विकर चालू होते, एटीपीपासून सीएएमपी होतो. सीएएमपीचे चार रेणू पीकेएच्या नियामक उपएककांना चिकटतात आणि दोन उत्प्रेरक उपएकके सुटी होतात.

शेवटचा टप्पा मी पूर्ण काढते. चार हा आकडा रेघेवर छोट्या चौकटीत लिहायचा. सुटण्याच्या क्रियेला वेगळे चिन्ह आहे, एकात एक दोन वर्तुळे. जोडणीला भरीव काळे वर्तुळ. ग्राहीपासून सायक्लेजपर्यंतचा मधला भाग मात्र या नकाशाचा विषय नाही. तिथे निष्क्रिय सायक्लेज आणि सक्रिय सायक्लेज यांच्यामध्ये दोन तिरप्या रेघांचा चौकोन ठेवते. त्याचा अर्थ: इथे अनेक पायऱ्या आहेत, ठाऊक आहेत, मुद्दाम गाळल्या आहेत. ग्लुकागॉनकडून चालनेचा पोकळ त्रिकोण त्या चौकोनाला.

चौकोनात प्रश्नचिन्ह असेल तर अर्थ अगदी वेगळा: ही क्रिया खरोखर घडते की नाही याचीच खात्री नाही. हे दोन चौकोन एकमेकांच्या जागी वापरणे म्हणजे वाचकाला खोटे सांगणे. शोधनिबंधाच्या आकृतीत गाळलेले आणि अज्ञात हे दोन्ही सर्रास तुटक रेघेने दाखवतात, आणि पुढची पिढी तुटक रेघेला सिद्ध झालेली गोष्ट समजून चालते. स्वतःच्या संशोधनाचा नकाशा काढत असाल तर प्रश्नचिन्हाचे चौकोन मोजा. तुमचे पुढचे प्रयोग तिथेच आहेत.

केंद्रकातला मुक्काम

ग्लुकोकायनेज उपाशी अवस्थेत बरेचसे केंद्रकात असते, जीकेआरपी या नियामक प्रथिनाला बांधलेले. फ्रुक्टोज-६-फॉस्फेट ही बांधणी घट्ट करते, फ्रुक्टोज-१-फॉस्फेट सैल करते. आहारातल्या फ्रुक्टोजपासून यकृतात फ्रुक्टोज-१-फॉस्फेट होते; म्हणजे फळ खाल्ले की ग्लुकोज हाताळणारे विकरही मोकळे व्हायला मदत होते.

काढताना केंद्रकाच्या चौकटीत ग्लुकोकायनेज आणि जीकेआरपी, मध्ये भरीव वर्तुळ, पुढे जोडणीची चौकट. पेशीद्रवातल्या ग्लुकोकायनेजपासून केंद्रकातल्यापर्यंत ये-जा दाखवणारा साधा चौकोन, दोन्ही दिशांना. चालना आणि अटकाव भरीव वर्तुळाला टेकतील. इथे एक खबरदारी: ग्लुकोज-६-फॉस्फेटकडून ग्लुकोकायनेजच्या अभिक्रियेवर अटकावाची दांडी आणू नका. ती हेक्सोकायनेज १, २ आणि ३ ची गोष्ट आहे. स्नायूच्या आकृतीवरून यकृताची आकृती बेतताना ही चूक हमखास शिरते.

मांडणी

आतापर्यंत एटीपीकडून रेघांचे जाळे झाले असेल. अशा घटकाच्या अनेक प्रती ठेवता येतात, पण प्रत्येक प्रतीच्या खालच्या भागात काळी पट्टी हवी. ती सांगते की हा वेगळा साठा नाही, त्याच साठ्याची आणखी एक प्रत आहे. सगळ्या प्रतींना पट्टी द्या, पहिलीलाही. एटीपी, एडीपी, पाणी आणि फॉस्फेट यांच्या प्रती बिनधास्त करा. फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेटची मात्र करू नका; या नकाशात सगळ्या रेघा त्याच्यापाशी येऊन मिळणे हेच तर सांगायचे आहे.

मुख्य प्रवाह वरून खाली न्या. विकरे एका बाजूला, एटीपी-एडीपीची जोडी दुसऱ्या बाजूला, संप्रेरकाची साखळी आडवी. स्वयंचलित मांडणीचे बटण आधी एकदा दाबा, मग हाताने नीट करा; उलट क्रमाने केलेत तर तासाभराची मेहनत एका क्लिकमध्ये जाईल. रेघांनी एकमेकींना छेदणे टाळा आणि कोणत्याही चिन्हावरून रेघ नेऊ नका. ए-४ पानावर चाळिसाच्या वर चिन्हे गेली की वाचणाऱ्याची दमछाक होते, हा माझा अनुभव. तेव्हा भाग पाडून वेगळा उपनकाशा करावा.

रंगाला एसबीजीएनमध्ये अर्थ नाही. रेघेच्या जाडीला नाही, चिन्हाच्या आकारमानाला नाही. रंग जरूर वापरा, पण रंग काढून घेतल्यावर नकाशातली एकही माहिती कमी होता कामा नये. आपल्याकडे नोट्स झेरॉक्सच्या दुकानातून काळ्यापांढऱ्या होऊनच हातोहात फिरतात, आणि लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे विद्यार्थी प्रत्येक मोठ्या वर्गात असतात. त्या दोघांसाठीही हा नियम मोलाचा आहे.

तपासणी आणि जतन

न्यूटमध्ये आणि एसबीजीएन-ईडीमध्ये नकाशा नियमांनुसार तपासण्याची सोय आहे. रेघ दांड्याला न जोडता नुसती जवळ येऊन थांबली आहे, अटकावाची दांडी आयतावर टेकली आहे, अशा चुका तिथे पकडल्या जातात. व्याकरण तपासले जाते, सत्य नाही. ग्लुकोकायनेजऐवजी हेक्सोकायनेज लिहिलेत तर तपासणी हसतमुखाने पास करेल.

म्हणून दुसरी तपासणी माणसाची. चिन्हांची यादी देऊन नकाशा अशा कुणाच्या तरी हाती द्या ज्याने तो काढलेला नाही, आणि एकेक चौकोन मोठ्याने वाचायला सांगा: "हे आणि हे खर्च झाले, हे आणि हे तयार झाले, याने घडवले, याने अडवले, इथे." वाचणारा जिथे थबकेल तिथे खूण करा आणि मध्ये बोलू नका. मग ते वाक्य वहीतल्या ओळीशी ताडून पाहा.

घटकांना माहितीकोशांतले ओळखक्रमांक जोडा: प्रथिनांना युनिप्रॉटचे, लहान रेणूंना सीएचईबीआयचे. 'पीएफके' एवढेच लिहिले तर स्नायूतले की यकृतातले हे कळत नाही, क्रमांकाने कळते. अगदी कोऱ्या पानापासून सुरुवात करायची नसेल तर रिअ‍ॅक्टोम या माहितीकोशातून तयार मार्ग एसबीजीएन स्वरूपात उतरवून घेता येतो. मात्र प्रत्येक चौकोन आपल्या वहीशी जुळवून घ्यावा लागेल.

जतन करताना मूळ फाइल एसबीजीएन-एमएल या एसबीजीएनच्याच फाइल-स्वरूपात ठेवा. चित्र छापायला एसव्हीजी किंवा पीएनजी काढा, पण फक्त चित्र ठेवून मूळ फाइल गमावू नका. मूळ फाइलमध्ये "ही रेघ उत्प्रेरणाची, इथून निघून तिथे जाते" असे लिहिलेले असते, त्यामुळे दुसरा कोणी ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पुढे वाढवू शकतो. चित्रात नुसते ठिपके उरतात.

भाषणासाठी दुसरा नकाशा

दहा मिनिटांच्या भाषणात हा सगळा नकाशा पडद्यावर लावलात तर श्रोते शोधत बसतील आणि तुमचे बोलणे निसटून जाईल. त्यासाठी त्याच गोष्टीची अ‍ॅक्टिव्हिटी फ्लो आवृत्ती करा. इथे आयत म्हणजे प्रथिन नव्हे, प्रथिनाचे काम. ग्लुकागॉनच्या कामाकडून पीकेएच्या कामाकडे वाढीचा बाण, पीकेएकडून पीएफके-२ च्या कामाकडे अटकावाची दांडी, तिथून पीएफके-१ कडे पुन्हा वाढीचा बाण. चार आयत, तीन रेघा. मधले सीएएमपी आणि फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट गाळले तरी चालते.

यात एटीपी खर्च होतो हे दाखवायला जागाच नाही, आणि ते ठीक आहे. तो या चित्राचा प्रश्न नाही. मात्र चित्राखाली "एसबीजीएन अ‍ॅक्टिव्हिटी फ्लो, लेव्हल १" असे स्पष्ट लिहा, तसेच मोठ्या नकाशाखाली "प्रोसेस डिस्क्रिप्शन, लेव्हल १" आणि आवृत्तीचा क्रमांक. तोच आयत दोन भाषांत दोन अर्थांनी येतो, आणि पाहणाऱ्याने कोणता घ्यायचा हे त्या एका ओळीवरून ठरते.